दवाखान्यासमोरची सराई

जळकोटातून कुणालाही लांब कुठं जायचं असलं की तो आधी माझ्या दुकानात यायचा. मी वीरप्पा, धंद्यानं कापडवाला, पण गावानं माझं नाव पाडलं होतं टेशनमास्तर. आमच्या गावाला टेशन नाही. इंजिनाची शिटी ऐकायची तर पस्तीस मैलांवर सोलापूर गाठावं लागतं. तरी टेशनमास्तर मीच, कारण रेल्वेचं वेळापत्रक गावात फक्त माझ्याकडं होतं आणि हैद्राबाद मी चारदा बघून आलो होतो. कुठली मोटार, कुठली गाडी, वाडी जंक्शनात कुठल्या फलाटावर जायचं, उतरायचं कुठं, सगळं मी कागदावर लिहून द्यायचो. लोक तो कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवायचे आणि परत आले की सांगायचे, "वीरप्पा, बराबर निघालं बघ." मला त्याचा माज होता. तो कसा उतरला तेच सांगायला बसलोय.

साल चव्वेचाळीस. लढाई चालू होती, गाड्या शिपायांनी भरलेल्या असायच्या, आणि ज्वारी हुरड्यात आली होती. शनिवारी दुपारी महालिंगप्पा अण्णा शेतातून तसेच माझ्या दुकानात आले. हातात पत्र. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस, पण त्यांना सहीपुरतीच अक्षरं यायची. त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धेश्वर हैद्राबादेत शिकत होता. आमच्या लिंगायतांच्या आळीतला तिथवर गेलेला पहिलाच पोरगा. पत्र त्याचं होतं. मी मोठ्यानं वाचलं.

"तीर्थरूप अप्पांस साष्टांग नमस्कार. पोटात आतड्याला सूज आल्यानं मी सरकारी दवाखान्यात आहे. डॉक्टर सोमवारी सकाळी दहा वाजता कापणार आहेत. त्याआधी गळ्यातलं लिंग काढून ठेवावं लागतं म्हणतात. मी सांगितलं की अप्पा आल्याशिवाय काढणार नाही, दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. तरी तुम्ही यावं. दवाखान्यासमोरच सराई आहे, तिथं उतरावं. सोय बरी आहे. माझी खाट खिडकीपाशी आहे आणि सराईचं दार खाटेवरून दिसतं, म्हणजे तुम्ही आलात की मला कळेल. अव्वाला काळजी करू नको म्हणावं."

आमच्यात लहानपणी गुरू गळ्यात लिंग बांधतो, ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. मातीत जातानाही ते हातात असतं. उतरवायचीच वेळ आली तर घरच्या माणसाच्या ओंजळीत. पोरगं शिकलं होतं, शहरात राहिलं होतं, पण हे विसरलं नव्हतं. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं. अण्णांचे डोळे भरून आले.

"वीरप्पा, सोमवारच्या आधी पोचीन का रं म्या?"

"पोचाल म्हंजे? म्या हाय न्हवं संगं!" मी म्हणालो आणि वेळापत्रक उघडलं.

खरं सांगतो, त्या घडीला मला पोराच्या दुखण्यापेक्षा त्या कोड्याची गोडी जास्त वाटली. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ, दुसऱ्याला दोन मोटारी बदलूनही जमणार नाही असा प्रवास, आणि मी तो एका मोटारीत आणि दोन गाड्यांत बसवला. रविवारी पहाटेची सर्व्हिस मोटार, आठाला सोलापूर, नऊची गाडी, वाडीला बदल, संध्याकाळी साडेपाचला हैद्राबाद. एक मिनिट वाया नाही. त्यातही सोलापूर टेशनातून दवाखान्याला तार करायची, म्हणजे पोराला धीर. ही तारेची कल्पना माझीच.

मग प्रश्न आला उतरायचा. संध्याकाळी त्यांच्या घरी बसून आम्ही ते ठरवलं. आमच्याकडं हाटेल म्हणजे चहा-भज्याचं दुकान. तिथं बाकड्यावर बसतात, कुणी झोपत नाही. परगावी उतरायचं ते धर्मशाळेत, खानावळीत नाही तर सराईत. इरम्मा वैनी, सिद्धेश्वरची आई, चुलीपुढं प्रवासाच्या भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "सराईतच उतरा. पोरानं लिवलंय न्हवं."

"वैनी, तुमी हैद्राबाद बघितलंय का?" मी विचारलं. "सराईत सतरा जातीचं लोक. एक हौद, त्यातच सगळ्यांचे हात. अण्णा सकाळ-संध्याकाळ लिंगपूजा केल्याबिगर पाण्याचा थेंब घेत न्हाईत. तिथं पूजा कुठं मांडायची? परक्याच्या तांब्यातलं पानी लिंगावर घालायचं व्हय?"

त्यांनी मान खाली घालून पुढची भाकरी थापायला घेतली. मला तेच हवं होतं. मग मी संगय्या स्वामींच्या खानावळीचं वर्णन केलं. आपल्याच माणसाची. आवारात विहीर, पूजेला वेगळी खोली, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. दवाखान्यापासून तीन मैल लांब, एवढंच. टांगे मिळतात.

"तीन मैल," वैनी म्हणाल्या.

"टांग्यानं पाऊण तास. सोमवारी आठाला दवाखान्यात, दहाला काम. दोन तास हातात ऱ्हात्यात, वैनी."

अण्णांनी एकदा बायकोकडं बघितलं, एकदा माझ्या कागदाकडं. "त्याला ठावं हाय. चारदा गेलाय त्यो," ते म्हणाले, आणि मी कागदावर 'मुक्काम, संगय्या स्वामींची खानावळ' असं लिहून खाली रेघ मारली.

प्रवास माझ्या कागदाप्रमाणं झाला. मोटार वेळेवर आली, हद्दीवरच्या नाक्यावर फार अडवलं नाही, सोलापुरात मी तार ठोकली. 'आज संध्याकाळी पोहोचतो, वडील.' गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. शिपायांच्या ट्रंकांवर टेकत, कुणाचे बूट, कुणाचा घाम अंगाला लागत आम्ही वाडी गाठली. अण्णांनी सोलापूर सोडल्यापासून पाणीसुद्धा घेतलं नाही. उपरण्याखाली छातीवरचं लिंग एका हातानं झाकून धरलं होतं, धक्का लागू नये म्हणून. वाडीला गाडी मिळाली. साडेपाचला आम्ही हैद्राबादच्या टेशनाबाहेर उभे होतो. मी घड्याळाकडं बोट दाखवलं. अण्णा हसले. त्या प्रवासात ते हसले ते तेवढंच.

टांगेवाल्यानं विचारलं, "किधर?"

अण्णांनी माझा दंड धरला. "वीरप्पा, आधी पोराचं तोंड बघून येऊ का? उजेड हाय अजून."

भेटीची वेळ सातपर्यंत होती. मला माहीत होतं. दवाखाना एका अंगाला, खानावळ दुसऱ्या अंगाला. तिकडं जाऊन परत खानावळीत यायचं म्हणजे अंधार, संगय्या स्वामींचं जेवण संपलेलं, विहिरीवरची दोरी उचलून ठेवलेली. माझा कागद विसकटणार होता. पण हे मी बोललो नाही. मी जे बोललो ते आजही माझ्या कानात आहे.

"अण्णा, दिसभर गाडीत कुनाकुनाला शिवलाव. अंग पारोसं, पूजा न्हाय. पोरगं गळ्यातलं लिंग काढून तुमच्या हातावर ठिवणार. ते असल्या हातावर घेनार का?"

त्यांनी आपल्या तळहातांकडं बघितलं. कोळशानं काळे झाले होते. दंड सोडला.

"व्हय. ते बी खरं हाय," ते म्हणाले आणि टांग्यात चढले.

खानावळ मी सांगितली तशीच होती. विहिरीचं पाणी, धुतलेली खोली, समई. अण्णांनी थंडीत चार बादल्या अंगावर घेतल्या, भस्म लावलं आणि तासभर पूजेला बसले. लेकासाठी वेगळी बिल्वपत्रं वाहिली. बाहेर येऊन म्हणाले, "लई चांगली जागा हाय रं. मन शांत झालं." मी स्वामींकडून भाकरी वाढून घेतली. दुसरी भाकरी मागितल्याचंही मला आठवतं.

सोमवारी पहाटे पुन्हा अंघोळ, पुन्हा पूजा. अण्णांनी चांदीची एक छोटी डबी घासून लख्ख केली, आत नवं रेशमी फडकं घातलं. सिद्धेश्वरचं लिंग त्यात ठेवायचं होतं. वाटेत टांग्यात त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते, कशाला लागू नयेत म्हणून. आठाला पाच कमी असताना आम्ही दवाखान्यात शिरलो. मी मनात म्हटलंसुद्धा, वेळेवर.

सिद्धेश्वरची खाट रिकामी होती. गादी गुंडाळलेली.

"कापायला नेलं वाटतं लवकर," मी म्हणालो. तिथं एक म्हातारी आया फरशी पुसत होती. तिनं अण्णांच्या कपाळावरचं भस्म बघितलं, गळ्यातला दोरा बघितला आणि फडकं बादलीत टाकून उभी राहिली.

"तुम उस बच्चे के बावा?"

पुढचं तिनं दखनीत सांगितलं, मी ते अण्णांना सांगत गेलो. काही सांगितलं, काही गिळलं, पण तेवढं दखनी अण्णांना कळत होतं. रविवारी दुपारी पोराचं पोट एकाएकी जास्त दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत थांबता येणार नाही, आत्ताच कापू. गळ्यातलं काढ. तेवढ्यात तार आली. पोरानं ती डॉक्टरांना दाखवली. माझे वडील संध्याकाळी येतात, समोरच उतरतात, तोवर थांबा. डॉक्टर रागावले, हात जोडले, समजूत घातली. पोरगं छातीवरची मूठ सोडेना. सही करेना.

"मगरीब तक खिडकी में बैठको था," आया म्हणाली. "सराय के दरवाजे कू देखता. कोई टांगा रुका की बोलता, अम्मा, मेरे अप्पा आगए."

त्या मगरीबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या वेळेला तो बेशुद्ध झाला. मग डॉक्टरांनी कुणाला विचारलं नाही. लिंग त्याच्या मुठीत होतं, ते तसंच ठेवून त्यांनी मुठीवरून पट्टी बांधली आणि कापलं. आतडं फुटून विष पोटभर पसरलेलं. पहाटे पाचला सगळं संपलं. पहाटे पाचला आम्ही विहिरीवर होतो.

अण्णा रडले नाहीत. खिडकीपाशी गेले. मीही गेलो. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं सराईचं दार. इतकं जवळ की दारात बसलेल्या माणसाची पगडी कुठल्या रंगाची ते दिसत होतं. आवारात एक नळ होता, त्याच्याखाली एक जंगम, आमच्याच जातीतला, लोटा धूत होता. ओसरीवर त्यानं पूजा मांडली होती. मी खिडकीच्या गजांवर डोकं आपटून घेतलं. आयानं मला धरलं.

संगय्या स्वामी धावून आले, माणसं जमवली, आणि सिद्धेश्वरला आमच्या रीतीनं बसवून माती दिली. पट्टी अण्णांनी स्वतः सोडली. मूठ त्यांच्या ओंजळीत उघडली, लिंग त्यांनी हातावर घेतलं, धुतलं आणि परत त्याच्या हातात ठेवलं. चांदीची डबी रिकामीच घरी आली.

गावात मी दुकान उघडत नव्हतो. वेळापत्रक चुलीत घालायचं म्हणून घरी नेलं होतं, घातलं मात्र नव्हतं. विसाव्या दिवशी दुकान उघडलं, तर महालिंगप्पा अण्णा आले. मला वाटलं आता ते बोलतील. मी वीस दिवस त्याचीच वाट बघत होतो. शिव्या द्याव्यात, पायातलं पायताण काढावं, म्हणजे सुटलो असतो.

ते गादीवर बसले. बंडीच्या खिशातून माझा कागद काढला, मांडीवर सरळ केला.

"बराबर निघालं बघ, वीरप्पा," ते म्हणाले. "एक बी गाडी चुकली न्हाय."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. एक माणूस दुसऱ्याला जे खरं ते सांगत होता. मी त्यांचे पाय धरले आणि पोरासारखा रडलो. म्हणालो, "अण्णा, म्या मारलं त्याला." त्यांनी मला उठवलं नाही आणि नाहीही म्हणाले नाहीत. माझं रडं संपेपर्यंत बसून राहिले.

"आता दुसरा लिही," मग ते म्हणाले. "इरम्माला न्यायचं हाय. जेवत न्हाय ती. एकच म्हनती, त्या सराईच्या दारात मला उभं करा. पोरगं ज्या खिडकीतनं बघत व्हतं, त्या खिडकीला मी दिसाया पायजे."

मी घरून वेळापत्रक आणलं. गाड्यांच्या आधी, कागदाच्या अगदी वर, मी लिहिलं, 'मुक्काम, दवाखान्यासमोरची सराई.' मग मोटार, नऊची गाडी, वाडीचा बदल. सोलापुरापाशी आलो आणि सवयीनं 'तार' असा शब्द लिहिला.

सहीपुरतीच अक्षरं येणाऱ्या माणसानं तो शब्द कसा ओळखला कोण जाणे. कदाचित माझा हात थांबलेला बघून. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"तार नगं या खेपेला," ते म्हणाले. "वाट बघाया कुनी न्हाय तिथं."