डावीकडचे दार

सहा वेळा निवडून आलेल्या आमदारांनी सभागृहात भ्यावे, असे वस्तुतः काही नव्हते. तरीही मतविभाजनाची घंटा वाजताच त्यांच्या तळहातांना घाम फुटला. विधेयक खोल विंधनविहिरी बंद करण्याचे होते. पक्षाचा आदेश होकाराचा. नकार देणाऱ्याची आमदारकी जाणार. आणि आमदारांची फळझाडांची रोपवाटिका, जी धाकट्या भावाने राजकारणाच्या वाऱ्यालाही उभे न राहता वाढवली होती, ती अशाच एका विंधनविहिरीवर जगत होती.

सकाळी भावाने आवाज चढवला नव्हता, हेच अधिक भयंकर होते. कलमे बांधता बांधता, मान वर न करता तो म्हणाला होता, “दादा, खुर्ची गेली तर पाच वर्षांनी पुन्हा मागता येते. या रोपांनी माना टाकल्या की संपलं. तुम्ही मोठे, तुम्ही ठरवा.”

आमदारांनी होकार ठरवला होता. भावाची समजूत मागाहून काढू, अशी स्वतःची समजूत त्यांनी गाडीतच घातली होती.

सभागृहाची रीत अशी, की होकाराचे सदस्य उजव्या दाराने लॉबीत जातात, नकाराचे डाव्या. मोजणी होईतो दोन्ही दारे बंद. आमदारांची हयात विरोधी बाकांवर गेली होती. सत्तापक्षात येऊन वर्षही झाले नव्हते. नजर जमिनीवर. गर्दी सरकली तसे तेही सरकले. मागे कडी लागल्यावर त्यांनी मान वर केली, तो समोर सारे जुने सोबती. पाय सवयीने डावीकडे वळले होते.

“या, या,” बाकावर जागा करीत एक म्हातारे सदस्य म्हणाले. “माहेरची आठवण झाली वाटतं?”

मोजणीच्या कारकुनाने हळूच सांगितले, की चूक झाली असल्यास अध्यक्षांना आत्ताच कळवता येते. दारे उघडल्यावर नाही.

“कळवू का, साहेब?”

दाराच्या काचेतून पक्षप्रतोद टक लावून पाहत होते. पक्षाने टाकलेला माणूस कसा जगतो, हे आमदारांनी पुष्कळ पाहिले होते. सख्ख्या भावाने टाकलेला कसा जगतो, हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते शिकण्याचे वय उरले नव्हते.

“नको.”

आवाज इतका बारीक निघाला, की कारकुनाला पुन्हा विचारावे लागले. दुसऱ्यांदा ‘नको’ म्हणणे अधिक कठीण गेले. शेजारच्या म्हाताऱ्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा तो घेऊन आमदार त्यांनी केलेल्या जागेवर बसले.