ग्राफिक्स कार्डाची भूक

संध्याकाळी पाचपर्यंत माझी पहिली कार्टून फिल्म पाठवायची होती, आणि कॉम्प्युटर दर वेळी अर्ध्यावरच बंद पडत होता. एरवी चित्रं काढा, टायपिंग करा, पठ्ठ्या दिवसभर चालायचा. फिल्म तयार करायला लावली की मान टाकायचा. वेळेत गेली नाही तर काम दुसऱ्या कुणाला मिळणार होतं. मी अगदी रडकुंडीला आले.

नवरोबा कॉम्प्युटर उघडून बसला. आतलं विटेएवढं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रांचं जड काम करणारा भाग, त्यानेच मला वाढदिवसाला दिलं होतं आणि स्वतःच्या हाताने बसवलंही होतं.

"हे दिवेच वीज खातायत," म्हणत त्याने आतले आवडते रंगीत दिवे काढले, तेही हुतात्म्याच्या चेहऱ्याने. कॉम्प्युटर पुन्हा बंद!

शेवटी मी नणंदेला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती कॉम्प्युटर जुळवून विकते.

"वहिनी, कार्ड नवीन, पण पॉवर सप्लाय, तो वीज पुरवणारा डबा, बदलला का दादाने?"

"जुना चांगला चालतोय की!" दादा मागून ओरडला.

"चालतोय, कारण एरवी कार्ड झोपलेलं असतं. दिवे काय, चिमणीएवढं खातात. पण फिल्म करायला घेतली की कार्ड आणि प्रोसेसर एकदमच ताटावर बसतात. बाकी सगळे मिळून खाणार नाहीत तेवढं एकटं कार्ड खातं. मग सप्लाय बिचारा हात वर करतो."

"अगं, आता नवीन आणायला वेळ कुठाय?"

"मग सेटिंगमध्ये जाऊन कार्डाची वीज कमी कर. जरा हळू चालेल, पण बंद पडणार नाही."

मी नवऱ्याकडे वळले. जिभेवर चांगलंच खरमरीत वाक्य होतं. पण त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"तुला सगळ्यात भारी द्यायचं होतं गं. सप्लायचं डोक्यातच आलं नाही."

मी वाक्य गिळलं आणि कार्डाची वीज कमी केली.

फिल्म पुन्हा तयार करायला लावली. आम्ही दोघं श्वास रोखून पडद्यावरचे आकडे बघत बसलो. निम्मं काम झालं. इथेच बंद पडायचा, पण आज चालत राहिला. फिल्म पूर्ण झाली तेव्हा पाच वाजायला अजून अवकाश होता.

पाठवण्याआधी एकदा बघायला हवी होती, पण मला धीर होईना. म्हणून त्यालाच समोर बसवलं. गोगलगाय घसरगुंडीवर अडकते आणि तिच्यामागे मुंग्या खोळंबतात, तिथे तो पोट धरून हसला. तो प्रसंग जमलाय की नाही, या विचाराने महिनाभर माझी झोप उडाली होती. माझे डोळे भरून आले.

मी फिल्म पाठवून टाकली.

"गेली?" डोळे पुसत त्याने विचारलं. "मग आता पुन्हा लाव ना, पहिल्यापासून."