पारदर्शक नख

आमचे गुरू मेस्त्रे काउबी यांच्या आखाड्यात वर्गाची सुरुवात हात तपासण्याने होते. आम्ही सर्व जण गादीच्या कडेला रांगेत उभे राहतो, दोन्ही हात पुढे धरतो आणि मेस्त्रे एकेकाची नखे पाहत जातात. जुजुत्सूमध्ये माणूस माणसाला बिलगून लढतो. किमोनोची कॉलर, बाही, मनगट, सगळे बोटांनीच पकडायचे असते. तेथे वाढलेले नख हत्यारासारखेच. ज्याचे नख बोटाच्या मांसापुढे आलेले दिसेल, त्याने त्या दिवशी बाकावर बसून राहायचे.

ब्राझीलमधल्या नितेरॉय शहरातल्या त्या आखाड्यात या नियमाला एकच अपवाद होता, आणि तो म्हणजे मी. माझे वय बासष्ट. तंत्रविद्यालयातून बाहेर पडल्यावर जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात छत्तीस वर्षे लेथवर आणि मोजमापाच्या टेबलावर काढली. त्याहून अधिक वर्षे रविवारी शोरो हे ब्राझिली वाद्यसंगीत वाजवणाऱ्यांच्या बैठकीत सात तारांची गिटार धरली. गिटार वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताची नखे मुळाशी कापलेली असतात, उजव्या हाताची मात्र बोटापुढे दोन मिलिमीटर लागतात. मेस्त्रे स्वतः शोरोचे शौकीन असल्यामुळे त्यांनी मला सवलत दिली होती. उजव्या हाताच्या तीन बोटांवर कापडी पट्टीचे दुहेरी वेढे घ्यायचे, आणि एक अट पाळायची.

"स्वतःचं नख असेल तर झाकू आपण, सेऊ ओतासिलियो," ते म्हणाले होते; वयस्कर माणसाला आमच्याकडे आदराने 'सेऊ' म्हणतात. "पण चिकटवलेलं काही चालणार नाही. खोटं नख तुटलं की त्याची काच होते."

दोन आठवड्यांपूर्वी माझ्या अनामिकेचे नख कपाटाच्या खणात अडकून उभे चिरले. रविवारी मासळीबाजाराच्या अंगणात आमच्या मंडळाची बैठक ठरलेली होती. आमच्यापैकी बरेच वादक अशा वेळी टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून झटपट गोंदाने चिकटवतात. पण तो पांढरा असतो, लांबूनही दिसतो. मी स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यातून नख कापले, गरम पाण्यात वाकवले, बारीक पॉलिश कागदावर त्याची कड घासली आणि जागेवर बसवले. काम इतके नेटके झाले होते की मला स्वतःलाच सांधा शोधावा लागत होता. मेस्त्रेंना दिसू नये म्हणूनच मी पारदर्शक पत्रा निवडला होता. हे येथेच लिहिले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यातूनच घडले.

शनिवारी सकाळी मेस्त्रेंनी माझी पट्टी दाबून पाहिली.

"घट्ट आहे ना?"

"घट्ट आहे."

पट्टीखाली काय आहे, हे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

झुंजीसाठी माझ्या वाट्याला जांदिरा आली. ती शहराची बस चालवते. वय अडतीस, खांदे माझ्या दीडपट. मंगळवारी तिच्या वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी डोळ्यांची तपासणी होती, हे ती आठवडाभर सर्वांना ऐकवत होती.

"तुमची बोटं ममीसारखी दिसतात, सेऊ. राजाला कुठे पुरलंय?"

"तू तुझी बस सांभाळ. बुधवारी मला थांब्यावर सोडून गेलीस."

"थांब्यावर? तुम्ही थांब्याच्या दहा पावलं अलीकडे उभे होता. उद्या घरातून हात दाखवाल."

तिसऱ्या फेरीत ती माझ्या छातीवर होती. मी खालून उजवा हात तिच्या कॉलरमध्ये घातला. घामाने कापड निसरडे झाले होते. तिने त्याच क्षणी मान फिरवली, माझी पकड सुटली, आणि हात तिच्या चेहऱ्यावरून झरकन गेला. पट्टी वर सरकल्याचे मला जाणवले. अनामिकेच्या टोकाशी काहीतरी बारीकसे तुटले.

जांदिराने झुंज थांबवण्याची खूण म्हणून गादीवर दोनदा थाप मारली आणि डावा डोळा तळहाताने झाकून उठून बसली. ती ओरडली नाही. "थांबा, थांबा, जरा थांबा," एवढेच ती हळू आवाजात म्हणत राहिली. मेस्त्रेंनी डोळा पाहिला. पाण्याखेरीज त्यांना काही दिसले नाही. ते तिला मोटरसायकलवर मागे बसवून जवळच्या तातडीच्या दवाखान्यात घेऊन गेले.

मी कपडे बदलण्याच्या खोलीत जाऊन पट्टी सोडली. अनामिकेच्या नखाचा बाहेरचा कोपरा नव्हता. दोन मिलिमीटरचा एक त्रिकोण गेला होता, आणि उरलेली कड ब्लेडसारखी सरळ होती.

मी पट्टीचे सगळे वेढे उलगडून उजेडात धरले. त्यांत काही नव्हते. गादी अठ्ठेचाळीस चौकोनांची आहे. मी गुडघ्यांवर बसून प्रत्येक चौकोनावर मोबाइलचा दिवा आडवा धरला, कारण आडव्या उजेडात पारदर्शक वस्तूचीही सावली पडते. मला केस सापडले, एक बटण सापडले. जांदिराचा किमोनो खुंटीवर होता. त्याची कॉलर मी शिवणीसकट चाचपली. तुकडा नव्हता. 

मी जांदिराला फोन केला.

"घरी आलेय," ती म्हणाली. "डॉक्टरांनी डोळा धुतला, मलम घातलं, वर गच्च पट्टी बांधली. ओरखडा आहे म्हणाले. अजून टोचतंय, पण ओरखडा म्हणजे टोचणारच ना?"

"टोचणारच," मी म्हणालो. "आराम कर."

मी फोन ठेवला. त्या वेळी बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. त्यानंतर मी बाकावर बसून स्वतःची समजूत घालत राहिलो. तुकडा कदाचित केरात गेला असेल. डॉक्टरांनी डोळा धुतला, म्हणजे असलाच तरी वाहून गेला असेल. मी बोललो तर मेस्त्रे मला पुन्हा गादीवर पाऊल ठेवू देणार नाहीत, आणि तेही अशा तुकड्यासाठी, जो कदाचित कोठेच नाही.

पण तंत्रविद्यालयात लेथला हात लावू देण्यापूर्वी आम्हाला जे पाठ करायला लावले होते, ते मला आठवत होते. डोळ्यात गेलेला कण वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला जाऊन बसतो. पापणी मिटली म्हणजे डोळ्याला विश्रांती मिळाली, असे समजू नये. मिटलेल्या पापणीखाली बुबुळ फिरते, आणि प्रत्येक फेरीला कण त्यावर एक रेघ ओढतो. धातूचा कण निदान चमकतो. जो तुकडा मेस्त्रेंना दिसू नये म्हणून मी घडवला होता, तो डॉक्टरांना कसा दिसणार होता? आणि आता त्याच्यावर गच्च पट्टी होती.

मी निघालो तेव्हा पाऊण वाजला होता. ती पस्तीस मिनिटे माझीच आहेत. ती दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाहीत.

जांदिरा तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. दार उघडले तेव्हा अर्धा चेहरा पट्टीखाली होता आणि आत काळ्या घेवड्याचे भांडे शिजत होते.

"या. फुलं नाही आणलीत?"

"जांदिरा, बस. मला काही सांगायचंय."

"तुमचा चेहरा असा झालाय की मीच तुम्हाला बसवते."

मी उभ्यानेच सांगितले: नख, पत्रा, गोंद, मेस्त्रेंची अट, गेलेला कोपरा. माझे संपल्यावर तिने शेगडी बंद केली.

"केवढा?"

"दोन मिलिमीटर. तिकोनी. एक बाजू धारदार आहे."

"फोनवर का नाही बोललात?"

"घाबरलो."

"कोणाला? मेस्त्रेला?"

"हो."

"आणि आता?"

"आता तुझ्या डोळ्याला घाबरतोय."

तिचा हात पट्टीकडे गेला.

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "तो डोळा फिरवू नकोस. दुसराही शक्य तितका स्थिर ठेव."

"तीन जिने उतरायचेत मला. उघडा डोळा स्थिर ठेवून उतरू? चला, पुढे व्हा. पडले तर तुमच्याच अंगावर पडेन."

टॅक्सीत ती मान मागे टेकवून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला तिच्या ओठांची हालचाल होई, आणि मला पापणीखालची ती रेघ दिसत राही. मी चालकाला हळू चालवायला सांगितले, मग लवकर चालवायला सांगितले. तेव्हा त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले.

"काका, एक काहीतरी ठरवा."

"त्यांचं राहू द्या," जांदिरा म्हणाली. "तुम्ही उजव्या लेनने जा. पुढच्या सिग्नलला डावीकडे गर्दी असते."

डोळ्यांच्या रुग्णालयात डॉक्टर सोलांज यांनी पट्टी काढली, ओरखडे हिरवे चमकावेत म्हणून पिवळे थेंब घातले आणि निळा दिवा लावला. शेजारच्या पडद्यावर मला तिचे बुबुळ दिसले. त्यावर उभ्या हिरव्या रेघा होत्या, एकीशेजारी एक, फणीने ओढाव्यात तशा. मी त्या मोजू लागलो. अकराव्या रेघेनंतर मला मोजवेना.

डॉक्टरांनी वरची पापणी उलटी केली. बराच वेळ पाहिले. पापणी सोडली.

"इथे काही नाही. तुमची खात्री आहे?"

मी माझी अनामिका त्यांच्या दिव्याखाली धरली. "एवढा भाग गेलाय. गादीवर नाही, कपड्यात नाही, पट्टीत नाही. पारदर्शक आहे, डॉक्टर. दिसू नये असाच बनवलाय."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, मग बोटाकडे. पुढे काही न विचारता त्यांनी धातूची एक बारीक वाकडी पट्टी घेतली, पापणी पुन्हा उलटी करून तिच्यावर दुमडून आणखी वर उचलली आणि आतल्या घडीतून ओला कापूस फिरवला. जांदिराने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. कापूस काळ्या कागदावर टेकला तेव्हा तेथे एक त्रिकोण उरला. त्याची एक कड मी घासून गोल केलेली होती. मी ती ओळखली.

"पट्टीखाली दोन दिवस राहिला असता तर सोमवारी मी वेगळं बोलले असते," डॉक्टर म्हणाल्या. "पण आजही मी कसलं वचन देत नाही. नखाबरोबर जंतू जातात. दर तासाला थेंब घाला. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर असाल तशा इकडे या. नाहीतर सोमवारी सकाळी."

बाहेर आल्यावर जांदिरा म्हणाली, "मेस्त्रेला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

मी तेथेच पायऱ्यांवर उभा राहून त्यांना फोन केला. सगळे सांगितले.

"आधी तिचा डोळा," ते म्हणाले. "तुमचं नंतर बघू."

तो शनिवार आणि रविवार मी तिच्या स्वयंपाकघरात काढला. फक्त झोपायला घरी गेलो. स्वतःचे थेंब स्वतः घालताना तिची पापणी मिटत होती, म्हणून ती माझ्याकडे मान वर करून बसे. पहिल्याच वेळी ती म्हणाली, "त्या हाताने मला शिवायचं नाही." तिच्या भाजीच्या कात्रीने मी उजव्या हाताची पाचही नखे मुळाशी कापली. मंडळाला येत नसल्याचे कळवले. मग दर तासाला मी तिची पापणी वर उचलत होतो आणि पांढरा ठिपका शोधत होतो. रविवारी दुपारी तो मला दिसला. बुबुळाच्या खालच्या अंगाला, चौकोनी, स्पष्ट. माझ्या हातातली बाटली खाली पडली.

"काय झालं?"

"हलू नकोस."

"सेऊ, काय दिसलं तुम्हाला?"

मी खिडकीचा पडदा ओढला. ठिपका गेला. तो खिडकीचा उजेड होता. मी पडदा पुन्हा उघडला, ठिपका आला; पुन्हा ओढला, तो गेला. असे मी चार वेळा केले, आणि चार वेळा करूनही मनाची खात्री पटेना. जांदिरा मान वर करून तशीच बसली होती. तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती.

सोमवारी डॉक्टरांनी आधी दिवा लावून तपासले. मग तिचा उजवा डोळा झाकून तिला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. मी तिच्या मागे उभा होतो. मला चष्म्यातून सातवी ओळही दिसत होती.

पहिल्या चार ओळी ती न अडखळता वाचून गेली. पाचवीत तिने एक अक्षर चुकीचे सांगितले. डॉक्टरांनी तिला दुरुस्त केले नाही. सहाव्या ओळीपाशी ती थांबली. ती अक्षरे मला तोंडपाठ झाली होती, आणि मी ओठ दाबून धरले होते.

"अंदाजाने सांगू नका," डॉक्टर म्हणाल्या.

"अंदाज नाही. धुकं आहे. अक्षरं त्याच्या पलीकडे आहेत."

"जंतू नाहीत. रेघा भरताहेत. एक रेघ मात्र मध्यभागी आणि खोल आहे. तिचा डाग राहील की जाईल, ते तीन आठवड्यांनी कळेल. तोपर्यंत बस नाही. उद्याची तपासणी पुढे ढकलायचं पत्र मी देते."

"आणि डाग राहिला तर?"

"तेव्हा बोलू."

रस्त्यावर ऊन कडक होते. जांदिराने काळा चष्मा लावला आणि काही वेळ पदपथाच्या कडेला नुसती उभी राहिली. या रस्त्यावर गाड्या डावीकडून येतात. तिने माझ्या कोपराला धरले.

"डाव्या बाजूचं तुम्ही बघा, सेऊ. आणि बस आली तर सांगा. या वेळी लगेच सांगा."

डावीकडून एक बस येत होती, अजून बरीच लांब होती. मी लगेच सांगितले.