गुरूचा सूड आणि शिंप्याचा उजवा हात

मी एक व्हिडिओ कॅसेट बोलतेय. चाळिशी उलटलीय, पट्टी सैल झालीय, आवाज मधूनच बसतो. आधीच सांगून टाकते, मी बावळट आहे. माझ्या पोटातला सिनेमा सगळ्यांनी करमणूक म्हणून बघितला. मी एकटीनं तो खरा मानला.

सिनेमा जुन्या काळच्या तलवारबाजांचा. गुरूला दगा देऊन मारतात. शिष्य डोंगरावर दुसऱ्या एका म्हाताऱ्या गुरूकडे जातो, पसरलेल्या हातांवर पाण्यानं भरलेल्या बादल्या तोलत उभा राहतो, आणि शेवटी सूड घेतो. भाड्यानं कॅसेटी देणाऱ्या दुकानात मला टेकायला फुरसत नसायची. दिवसभर साहेबाची बोलणी खाल्लेली माणसं मला घरी न्यायची आणि उशांना ठोसे मारायची. दुष्ट कोण ते पाच मिनिटांत कळायचं, आणि मेहनत करणारा जिंकायचाच. बाहेर कुठे मिळतं हो असं?

दुकान बंद पडलं तेव्हा एका शिंप्यानं मला घरी आणलं.

"बसायला धड खुर्ची नाही, आणि ह्यांना तलवारी हव्यात!" त्याची बायको म्हणाली. पण सुट्टीच्या दिवशी शर्टांची काजं करायला म्हणून तीही समोर बसायची, आणि मारामारी आली की सुई हवेतच राहायची.

मग एका सकाळी कापड बेतता बेतता शिंप्याच्या हातातून कात्री पडली. उजवी बाजू लुळी. डॉक्टर म्हणाले, हात हलवत राहा, नाहीतर कायमचा जाईल. पण व्यायाम म्हटलं की हा भिंतीकडे तोंड करायचा.

शेवटी बायकोनं मला व्हीसीआरमध्ये घातलं. बादल्यांचा प्रसंग आला तशी तीच पदर खोचून उभी राहिली, दोन्ही हातांवर रिकामे डबे घेऊन.

"बघा, तो म्हातारा गुरू ह्या वयात उड्या मारतोय. आणि तुम्ही?"

"त्याला... तारा बांधल्यात," शिंपी अडखळत म्हणाला. आणि हसता हसता त्याचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. जरासाच.

त्या दिवसापासून रोज तोच प्रसंग. मागे घ्या, परत लावा. हात छातीपर्यंत आला. मला वाटायला लागलं, हे मीच करतेय. डॉक्टर काय, कोणीही होऊ शकतं!

पण रोज तीच जागा घासून घासून माझी पट्टी तिथेच अडकली आणि चुरगळली. शिंपीणबाईंनी मला हलक्या हातानं बाहेर काढलं, चुरगळलेला तुकडा कापला आणि टोकं चिकटपट्टीनं जोडली. जोडताना हाताच्या सवयीनं शिवणीला जागा सोडली. बोटभर टोक एकावर एक चढवलं, पक्कं बसावं म्हणून! ती जाड शिवण आत गेली, आणि व्हीसीआर खरखरून बंद पडला. दुरुस्त करणारे हसले, "काकू, ह्याचे पार्ट आता कुठून आणायचे?"

त्यांच्या मुलीनं तोच सिनेमा फोनवर लावून दिला. चित्र लख्ख. शिंपिणीनं डबे घेतले, पण शिंप्यानं तिच्याकडे बघितलंच नाही.

"आता तारा दिसतात," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

हात मांडीवरच राहिला. हळूहळू बोटं आत वळली. आता शिंपीणच कापड बेतते, आणि बाह्या एक लांब, एक आखूड होतात. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलत नाहीत, फक्त परत येत नाहीत.

मी चिंध्यांच्या टोपलीत आहे. माझ्यासारखी कोणी तुमच्याकडे असेल, तर तिला मऊ कापडानं पुसा. पण तिच्यावर विसंबू नका. माझ्यातला शिष्य दर वेळी जिंकला, माझा मालक एकदाही नाही. हे मला कळतं, तरी आशा सुटत नाही.

काल मी टेबलावरच्या व्हीसीआरला हाक मारली, "काय हो, आपण दोघं परत चालू झालो, तर त्यांचा हात उठेल ना?"

"माझ्यावर इस्त्री ठेवतात," तो म्हणाला. "गरम."