वाटेकऱ्याची पहिली फेरी

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. पनवेलच्या एका गाळ्यात, वरच्या फळीवर बसलोय. माझा पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही. पण हळहळू नका. कीव करायला आलेल्यांनी दारातूनच परत फिरावं! मी माझं काम चोख केलंय आणि मला 'डबडं' म्हणणाऱ्याला तोंडावर पडताना या डोळ्यांनी, म्हणजे या स्क्रीनने, पाहिलंय.

माझा जन्म २००६ सालचा. मी कारखान्यातून खोक्यात बसून आलेला नाही. एका दुकानात मला जुळवलं. कॅबिनेट नवीन, पंखा दुसऱ्याच कुणाचा, आणि मॉनिटर तर एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतला. रंजिता स्टुलावर बसून बघत होती. दुकानदार एक स्क्रू पिळायचा आणि ही दोन प्रश्न विचारायची. शेवटी तो वैतागून म्हणाला, "ताई, तुम्हीच जोडा ना!" आणि हिने खरंच जोडलं. म्हणून माझं कूळ कुणी विचारलं, तर मी बेधडक रंजिताचं नाव सांगतो.

रंजिता समुद्रकाठच्या मोरा गावची, कोळ्यांच्या घरची. आई रंभा मासळी विकायची. वडील शिवा पूर्वी स्वतःच्या बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान, होते, एका अपघातात गुडघा गेला आणि त्यांचा दर्या सुटला. डिप्लोमा झालेल्या मुलीने मुंबईत नोकरी करावी असं सगळ्यांना वाटत होतं. हिने पनवेलमध्ये गाळा भाड्याने घेतला आणि मला टेबलावर बसवलं.

आम्ही दोघांनी मिळून 'मापाडी' बनवला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळया-पत्र्यांचे ट्रक वजनकाट्यावर उभे राहतात ना, त्या काट्याचं सॉफ्टवेअर म्हणजे मापाडी. ट्रक चढला की वजन आपोआप कॉम्प्युटरवर येतं आणि पावती छापून बाहेर पडते. हाताने आकडा घालायची सोयच रंजिताने ठेवली नव्हती. "काट्याने जे सांगितलं तेच छापायचं," म्हणायची. तेव्हा दिवसातून दोनदा वीज जायची, माझा यूपीएस बोंबलायचा, मी बंद पडायचो, आणि ही पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसायची. चार वर्षांत अकरा काट्यांवर मापाडी चालू लागला. काट्यावरची माणसं म्हणायची, "मापाडी कधी खोटं बोलत नाही." हे ऐकून मी जरा शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग २०१० च्या सप्टेंबरात रंजिताला मलेरिया झाला. चार दिवस ती मोऱ्याला अंथरुणावर होती आणि इथे टेबलावरचा फोन वाजून वाजून दमला. पाच काट्यांवर काम अडलं. मापाडीत बिघाड झाला तर दुरुस्त करणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते माणूस तापात बडबडत होतं. अकरा काटे एका मुलीच्या तब्येतीवर उभे होते. बरी होऊन आली तेव्हा ती घाबरली होती. मीही घाबरलो होतो, पण मी कशाला कबूल करतोय!

अशा वेळी चारुदत्त आला. पनवेलचाच, चाळिशीचा, ऑफिसांना प्रिंटर विकायचा. लोखंड बाजारात त्याला ओळखत नाही असा व्यापारी नव्हता. येताना गरम भजी घेऊन आला आणि गोड बोलला.

"मॅडम, तुमचं प्रॉडक्ट एक नंबर. पण एकटीने किती धावणार? मला पार्टनर करून घ्या. निम्मं तुमचं, निम्मं माझं. वर्षात पन्नास काटे करतो. आणि आधी हे डबडं भंगारात काढू."

डबडं! मित्रांनो, माझा पंखा रागाने असा घरघरला की रंजिताने वाकून बघितलं. मला कुणीच नको होतं. ती आणि मी पुरे होतो की! काट्यांवर तयार मापाडी चालायचा, पण तो ज्या ओळींनी बनला ती ओळ न् ओळ माझ्या पोटात होती, दुसरीकडे कुठेही नव्हती, आणि याचा मला केवढा अभिमान! हा अभिमान किती खुळा होता, ते पुढे कळलं.

त्या रविवारी रंभा टोपली घेऊन गाळ्यात आली. रंजिताने तिला सगळं सांगितलं.

"निम्मं?" रंभाने डोळे मोठे केले. "दर्या नाय बगितला न् निम्मं? आपल्या बोटीवर नवा खलाशी आला का पहिली फेरी करतो. जेवन-खान आपलं, घरला नेवाला म्हावरं आपलं. फेरी झाली का मंग वाट्याचं बोलनं. किनाऱ्यावर उबं ऱ्हाऊन कोन वाटा मागतं का?"

"आये, ही काय बोट हाय?"

"मंग काय हाय? तू पन बुडू शकतस ना?"

रंजिता हसली, पण ते तिच्या डोक्यात बसलं. तिने चारुदत्तला सांगितलं, "आठ दिवस माझ्याबरोबर बसा. फोन घ्या, काट्यांवर चला. मग वाट्याचं बोलू." त्याला गंमत वाटली. "माझी परीक्षा? चला, देतो!" म्हणाला.

आणि खरं सांगतो, गडी कामाचा होता. चिडलेला माणूस त्याच्याशी दोन मिनिटं बोलला की हसत फोन ठेवायचा. तीन दिवसांत दोन नवीन काटे त्याने नुसत्या गप्पांवर मिळवले. रंजिताचा चेहरा उजळला. चौथ्या दिवशी तिने भाऊबीजेला नेसायच्या साडीचा विषय काढला, म्हणजे बघा, तिला चार महिन्यांत पहिल्यांदा दुसरं काही सुचलं होतं. मला वाटलं, संपलं आता, आपण भंगारात.

पाचव्या दिवशी रंजिता नेऱ्याच्या बाजूला एका वीटभट्टीवर नवीन काटा बसवायला गेली. डोंगराखाली मोबाइलला रेंज नव्हती. गाळ्यात चारुदत्त आणि मी. अकराला फोन वाजला. कळंबोलीच्या सगळ्यात मोठ्या काट्यावरून दमयंतीताई बोलत होत्या. त्या तिथल्या ऑपरेटर. आवाज असा, की स्पीकर नको.

"मापाडी अडकलाय. मॅडमना पाठवा."

चारुदत्त न अडखळता म्हणाला, "निघाल्यात ताई. अर्ध्या तासात पोचतील."

मी चमकलो. कोण निघालं? रंजिताला तर पत्ताच नव्हता! साडेअकराला पुन्हा फोन. "खांदेश्वरपर्यंत आल्यात." बाराला पुन्हा. "सिग्नलला आहेत बघा." एकाला त्याने बिस्किटं खाल्ली आणि म्हणाला, "थोड्या ट्रॅफिकमध्ये आहेत." ऑक्टोबरचं ऊन तापलेलं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

तीनला रंजिता परत आली आणि पुन्हा वाजणारा फोन तिनेच उचलला. मला दमयंतीताईंचा आवाज टेबलापर्यंत ऐकू येत होता.

"चार तास! तीस ट्रक उन्हात उभे आहेत. ड्रायव्हर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत, एकाला चक्कर आली. 'येणार नाही' असं सांगितलं असतंत, तर अकरालाच मी गाड्या पलीकडच्या काट्यावर लावल्या असत्या. तुम्ही निघालात म्हणून थांबले ना मी!"

रंजिताने फोन ठेवला आणि चारुदत्तकडे बघितलं. तो खरोखर गोंधळला होता.

"अहो मॅडम, कस्टमरला थोपवायचं असतं. सगळे असंच सांगतात. यात एवढं काय?"

"माझ्या बाबांनाही असंच थोपवलं होतं," रंजिता म्हणाली.

तेव्हा मला शिवाच्या गुडघ्याची गोष्ट कळली. भर दर्यात बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. मदत मागितल्यावर वायरलेसवर ओळखीच्या बोटवाल्याने सांगितलं, "निघालो." थोड्या वेळाने शेजारून दुसरी बोट गेली. त्यांनी विचारलं, "वढून नेवाला पायजे का?" शिवाने हात हलवला, "नको, आमची येते हाय." ती गेली. निघालो म्हणणारा किनाऱ्यावर चहा पीत होता. दीड दिवस बोट लाटांवर आपटत राहिली आणि शिवा इंजिनावर पडला.

"नाही म्हणाला असता, तर बाबांनी दुसऱ्याची मदत घेतली असती," ती म्हणाली. "तुमच्या गोड बोलण्याने माणूस हातातली दोरी सोडतो. मला नको हा वाटा."

चारुदत्तचा चेहरा पडला, मग तो चिडला. "एकटी बाई, लोखंड बाजारात! बघू किती दिवस टिकता."

"दिवस तुम्ही मोजा," रंजिता म्हणाली. "मला गाड्या मोजायच्यात."

वा रे वाघीण! माझा पंखा गरगर फिरला. चारुदत्तने शब्द खरा केला. त्याने दुसऱ्या कुणाचं सॉफ्टवेअर आणून आमचे तीन काटे पळवले. त्यातला एक पुढच्या उन्हाळ्यात परत आला, दोन आलेच नाहीत. रंजिता ढसाढसा रडली ते मी पाहिलंय. पण 'चुकलं' असं ती एकदाही म्हणाली नाही.

दमयंतीताईंचा तो फोन आला, त्याच संध्याकाळी रंजिता कळंबोलीला माफी मागायला गेली होती. दमयंतीताईंनी माफी ऐकून घेतली, मग ड्रॉवरमधून एक दोनशे पानी वही काढून तिच्यापुढे आपटली. चार वर्षांत मापाडीत दिसलेली प्रत्येक चूक त्यांनी तारखेसकट लिहिली होती, आणि ती चूक झाल्यावर मॅडमना त्रास न देता गाडी कशी पुढे काढली, तेही. एकूण त्रेचाळीस चुका! ती वही गाळ्यात आली तेव्हा मी इतका तापलो की हँग झालो. माझ्यात त्रेचाळीस चुका? ही बारावी पास बाई मला शिकवणार?

रंजिता मात्र वही वाचताना हसत होती. दिवाळीच्या सुट्टीत तिने ताईंना पहिल्या फेरीला बोलावलं. ताई आल्या, पदर खोचून खुर्चीत बसल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"याची दुसरी प्रत कुठंय?"

"दुसरी नाही. सगळं यातच आहे."

"आणि हा मेला म्हणजे?"

असं सरळ तोंडावर! मला राग आला, पण रंजिता कोरी सीडी शोधायला उठली. तिच्या तापाच्या वेळी अकरा काट्यांना जो धोका होता, तोच माझ्या पोटात बसला होता. मी गेलो की मापाडी गेला. त्या दिवशी मापाडी सीडीवर उतरवला आणि ताईंनी ती सीडी आपल्या घरी तांदळाच्या डब्यात ठेवली. दर शनिवारी नवी सीडी. माझं एकट्याचं राज्य संपलं. बोंब मारायला तोंड नव्हतं म्हणून, नाहीतर अख्ख्या पनवेलला ऐकू गेली असती.

आठ दिवस ताईंनी फोन घेतले. गोड बोलणं त्यांच्या सात जन्मांत नव्हतं. "मॅडम नेऱ्याला आहेत. चारच्या आधी येत नाहीत. तोवर गाड्या दुसरीकडे लावा," असं सरळ सांगायच्या. एक गिऱ्हाईक भडकलं, शिव्या देऊन फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच स्वतःहून सांगितलं, "त्या ताईंनाच फोनवर द्या."

"पगारावर ठेव ना तिला," कुणीतरी सुचवलं. रंभाने मान हलवली. "पगारवाला वादळात किनारा बगतो. वाटेकरी बोट बगतो." नवव्या दिवशी मोऱ्याच्या घरी, म्हावऱ्याच्या कालवणावर, ताईंचा चारातला एक वाटा ठरला. ताईंनी काट्यावरची नोकरी सोडली. लोखंड बाजार हसला. हसू दे!

मी २०१३ पर्यंत काम केलं. मे महिन्यात एका दुपारी माझ्यातून धूर निघाला आणि मी थांबलो. जळता जळता वाटलं, आता रंजिता काय करणार? नेमका तेव्हाच फोन वाजला. तळोज्याच्या एका काट्यावर मापाडी अडकला होता. दमयंतीताईंनी फोन उचलला.

"अजून निघालो नाही. आमचं मशीन आत्ताच जळलंय. घरून प्रत आणायला तासभर लागेल. तोवर गाड्या पलीकडे लावा, निघाले की मी स्वतः फोन करते."

तासाभराने तांदूळ झटकत सीडी आली, दुसऱ्या मशीनमध्ये गेली आणि मापाडी उठला. ताईंनी पायात चपला घातल्या, मग फोन लावला आणि म्हणाल्या, "आता निघाले."

भंगारवाला दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा रंजिताने हाकलला, दुसऱ्यांदा ताईंनी, तेही माझ्या त्रेचाळीस चुका पाठ असलेल्या ताईंनी! मला फळीवर त्यांनीच उचलून ठेवलं.

तेव्हा मित्रांनो, जुन्या यंत्राला डबडं म्हणू नका. तुमचं जे मोलाचं असेल ते एकाच पोटात कोंडून ठेवू नका, ते पोट माझ्यासारखं गर्विष्ठ असलं तर मुळीच नाही. वाटा द्यायचा असेल तर जरूर द्या, पण पहिली फेरी करून द्या. आणि कुणी तुमची वाट बघत उन्हात उभं असेल आणि तुम्ही अजून घरातच असाल, तर त्याला सांगा की अजून निघालो नाही. शिव्या खा, पण सांगा.