जेवल्यावर पाण्यात

ओरिएत्तानं खिडकी उघडली. तळ्यावरचा गार वारा खोलीत आला, आणि तिनं तो नीट छातीत भरून घ्यायच्या आत मागून एलिजिओनं खिडकी लावून टाकली.

"मानेला वाऱ्याचा झोत बसेल."

"बसू दे."

"बसू दे काय? मग दिवसभर मान धरून बसशील."

तळ्याकाठच्या ह्या कोर्ताल्बा गावात येऊन आठवडा होत आला होता, आणि इतक्या दिवसांत ह्या नवऱ्याशी वाद घालून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. बरं, भांडावं तरी कशावरून? तो ओरडत नव्हता, पीत नव्हता, दुसऱ्या बायकांकडे बघत नव्हता. तो तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होता. बाहेरचे लोक म्हणत, नशीबवान आहेस. असं कुणी म्हटलं की तिला समोरचा पेला फोडावासा वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी तिचा डावा स्तन काढावा लागला होता. मग ती औषधं, गेलेले केस, परत आलेले केस, पण आलेले ते वेगळ्याच रंगाचे. एलिजिओचं नोव्हाराला चष्म्यांचं दुकान. ते त्यानं भाच्यावर सोपवलं आणि घरी सूप ढवळायला लागला. ह्या मे महिन्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला सारून सांगितलं, "सगळं स्वच्छ आहे. आता पोहायला लागा, खांदा मोकळा होईल." ओरिएत्ता लहानपणापासून पोहणारी. ती रस्त्यातच रडली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन गडद हिरवा पोहण्याचा पोशाख घेऊन आली. पाण्यात उतरल्याशिवाय आपण बऱ्या झालो हे तिला स्वतःला खरं वाटणार नव्हतं. म्हणून हे तळं, म्हणून ही सुट्टी.

आणि तळं रोज समोर होतं. पण जायचं कधी? सकाळी दुधाची कॉफी आणि ब्रिओशचा गोड पाव. दूध पोटात गेलं म्हणजे ते खाणंच, पचेपर्यंत थांबायला हवं. पचतंय तोवर जेवणाची वेळ. जेवल्यावर तीन तास पाण्याला पाय लावायचा नाही, हे तर ह्या देशात पोरं आईच्या दुधाबरोबर शिकतात. तीन तास होतात न होतात तोच दक्षिणेकडून वारा सुटायचा, पाण्यावर लाटा उठायच्या आणि एलिजिओ टॉवेलाची घडी घालायला लागायचा. गुरुवारी तिनं सकाळी काही खाल्लंच नाही. म्हटलं, बघू आता काय काढतो.

"उपाशीपोटी पाण्यात?" एलिजिओचा चेहरा पांढरा पडला. "चक्कर येऊन बुडशील!"

खाल्लं तरी बुडणार, नाही खाल्लं तरी बुडणार. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तो काठावर तिचा टॉवेल, तिची लोकरी बनियन, तिची टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन असा उभा होता की तिला पुढे बोलवेना.

आज शनिवार. उद्या नोव्हाराला परत. आज तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं की लवकर आणि हलकं जेवायचं, म्हणजे वारा सुटायच्या आधी पाण्यात जाता येईल. काठाला लागूनच पिएरिनाबाईंची खानावळ होती. पिएरिनाबाई सत्तरीच्या पुढच्या, आणि गिऱ्हाईकानं काय खायचं हे स्वतःच ठरवायची त्यांची पद्धत.

"कोशिंबीर?" त्या म्हणाल्या. "ह्या बाईंना? हाडं बघा यांची! रिझोत्तो आणते, मऊ भात. पर्च मासा आजच पकडलाय."

"आम्हाला घाई आहे हो," ओरिएत्ता म्हणाली.

"तांदळाला घाई नसते, सिन्योरा."

"बरोबर बोलल्या," एलिजिओ म्हणाला. "आणा. वर चीजही घाला जरा."

रिझोत्तो आला तेव्हा एक वाजून गेला होता. चांगला होता, हीच तर पंचाईत. ओरिएत्तानं रागारागानं सगळा संपवला. एलिजिओनं दोनदा घेतला. मग ओठ पुसून त्यानं घड्याळाकडे पाहिलं.

"आता साडेचारला."

"साडेचारला वारा असतो, एलिजिओ."

"हो, तेही आहेच." त्यानं तिच्या हातावर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "मग पुढच्या वर्षी जाऊ की. तळं कुठे पळून जातंय?"

ओरिएत्तानं त्याच्याकडे पाहिलं. पुढच्या वर्षी! हा शब्द तिनं दोन वर्षांत एकदाही तोंडातून काढला नव्हता. पुढच्या महिन्याचंसुद्धा काही ठरवायचं तर तिची जीभ अडखळायची. आणि हा माणूस तिच्या वतीनं अख्खं वर्ष ढकलून देत होता, ते सुद्धा टूथपिकनं दात कोरत.

ती उठली. अंगावरचा फ्रॉक डोक्यावरून काढून त्याच्या ताटावर टाकला. आत हिरवा पोशाख सकाळपासून घातलेलाच होता. डावी बाजू सपाट होती, ती तशीच सपाट दिसत होती. चपला तिथेच सोडून ती चालायला लागली.

"ओरी? ओरी, कुठे निघालीस?"

काठावर उन्हात बायका खुर्च्या टाकून बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं मान वर केली.

"ए बाई! ही आत्ता जेवून उठलीय!"

"मी बघितलं ना! भात खाल्लाय तिनं!"

"चीजवाला!" पिएरिनाबाई दारातून ओरडल्या. "अहो, मीच वाढलाय! थांबवा तिला कुणीतरी!"

"बाई, सगळं रक्त पोटात असतं ह्या वेळेला!"

"माझ्या मेव्हण्याचा चुलत भाऊ असाच गेला," वर्तमानपत्राखालून एक म्हातारा म्हणाला. "पीच खाऊन उतरला होता."

"एका पीचनं?"

"दोन होती."

ओरिएत्ता थांबली नाही. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, आणि पोटाला लागलं तेव्हा तिचा श्वासच अडकला. तिनं अंग झोकून दिलं. डावा हात पूर्ण वर येत नव्हता, खांद्यात कळ मारत होती, पण पाण्यानं तिला उचलून धरलं होतं. पुन्हा हात मारला. आणखी एक. तिच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला.

तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला आणि काठावर बोंब उठली. तिनं वळून पाहिलं. एलिजिओ बूट, पॅन्ट, शर्टासकट पाण्यात शिरला होता. ह्याला पोहणं येत होतं ते नावापुरतं, स्विमिंग टँकची कड धरून. छातीभर पाण्यात तो तळाच्या गुळगुळीत दगडावरून घसरला आणि दिसेनासा झाला.

"दोन ताटं खाल्लीत त्यानं!" पिएरिनाबाई किंचाळल्या.

ओरिएत्ता उलटी फिरली. चार हात मारून त्याच्यापाशी पोचली, कॉलर पकडली आणि त्याला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. तो खोकत होता. डोळ्यांवरचा चष्मा गेला होता. चष्मेवाला तो, आणि त्याला समोरची बायको नीट दिसत नव्हती.

तिला इतका संताप आला की तिनं त्याला गदागदा हलवलं. "मूर्खा! एवढंसुद्धा मला करू द्यायचं नाही? एवढंसुद्धा?"

"तू बुडाली असतीस तर?"

"मी? मी बुडाले असते?"

"मला काय माहीत!" तोही ओरडला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. "दवाखान्यातून निघताना सांगितलं, काळजी घ्या. घेतली. ती कधी थांबवायची ते कुणी सांगितलंच नाही मला! रोज सकाळी उठतो आणि आधी तुझा श्वास चाललाय का बघतो. थकलो मी, ओरी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे ओठ निळे पडले होते. त्याची दया येत होती आणि राग तसूभरही कमी झाला नव्हता.

"मी सांगते ना कधी थांबवायची," ती म्हणाली. "आज. आत्ता."

तिनं त्याचा दंड धरून त्याला काठावर आणलं आणि तिथे बायकांनी त्याचा ताबाच घेतला. एकीनं बूट ओढले, दुसरीनं ओरिएत्तासाठी आणलेला टॉवेल त्याच्या डोक्याला गुंडाळला, पिएरिनाबाई गरम चहा आण म्हणून आत ओरडल्या.

"पोटावर हात ठेवा, सिन्योर. दुखतंय का? खरं सांगा."

"नाही दुखत हो! मला जरा..."

"बोलू नका. झोत बसेल घशाला."

ओरिएत्ता उभी होती तिथूनच मागे सरकली. पाणी पुन्हा घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. कुणाचं लक्ष नव्हतं. ती कमरेपर्यंत गेली तेव्हा कुठे पिएरिनाबाईंनी मान वळवली.

"अहो, ती परत निघाली! सिन्योर, बायकोला आवरा तुमच्या!"

ओरिएत्ताचं अंग ताठ झालं. आता हा उठणार, परत पाण्यात येणार, आणि आपल्याला परत वळावं लागणार. तिनं वाट पाहिली.

"आवरू?" टॉवेलाआडून एलिजिओचा आवाज आला. दात वाजत होते त्याचे. "ही बाई कधी कुणाचं ऐकते का? हट्टी आहे नुसती! लग्नात सुद्धा अर्धा तास उशिरा आली. फादर निघून चालले होते. एक शब्द ऐकत नाही, काय सांगू तुम्हाला! डोक्याला ताप आहे!"

बायका च्‌च्‌ करायला लागल्या. एलिजिओचं सुरूच होतं. तिच्या स्वयंपाकावर आला, तिच्या गाडी चालवण्यावर आला, तिच्या बहिणीवरही आला.

पाण्यात उभी राहून ओरिएत्ता सगळं ऐकत होती. दोन वर्षांत त्यानं तिच्याबद्दल कुणाकडे एक तक्रार केली नव्हती. आजारी माणसाबद्दल कोण तक्रार करतं? तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एक शब्दही सोडला नाही. मग वळली आणि पोहायला लागली.