पहिली हवा

नव्या रायपूरचे रस्ते कोणासाठी बांधले, ते बांधणाऱ्यांनाच ठाऊक. एवढी रुंदी, मधोमध झाडे, चौकाचौकात सिग्नल. आणि पहाटे तिथे हिरव्याचा लाल होतो तो बघायला कुत्रेही नसते. सायकलवाल्या पोरांचे मात्र आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असे झाले होते. जुन्या शहरातल्या बूढ़ापाऱ्याच्या गल्लीतून स्कुटरांना चुकवत निघालेला यशदीप रोज तिथे जायचा आणि मान खाली घालून पायडल मारायचा.

राज्याच्या संघाची निवड जवळ आली होती. तरुणांच्या गटातले त्याचे हे शेवटचे वर्ष. आता नाही तर कधीच नाही. पोरगा चिवट होता, पण समोरून वारा आला की हरायचा. त्याला शिकवणारे अच्युत सर एकदा वैतागून म्हणाले, “शरीर रेसचं आहे बाबू, चाकं बैलगाडीची.”

हौसेला मोल नसते म्हणतात. इथे हौस पोराची आणि मोल बापाचे. सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात जन्मभर फिटर राहिलेल्या धर्मपालने आपल्या रिटायरमेंटच्या पुंजीतून कार्बनची चाके मागवली. काळी, चार बोटे खोल कडेची, उचलली तर पापडासारखी हलकी. ती वारा कापतात म्हणे. धर्मपालची छाती आता कामातून गेली होती. खाटेवरून मोरीपर्यंत जायचे तर मध्ये एकदा टेकावे लागे. तरी चाके त्यानेच बसवली. ब्रेकचे रबर बदलले, गियरची चकरी जुन्या चाकावरून नव्यावर चढवली, नखाने कड टिचकावून आवाज ऐकला. मग पंप ओढला.

“रहने दो ना बाबा, मी भरतो हवा,” यशदीप म्हणाला.

“पहिली हवा घरच्या मोठ्या माणसानं भरायची. तुह्या आज्यानं माह्या सायकलीत भरली होती. सरक तिकडं.”

ही त्यांच्या घरची रीत. धर्मपाल दोन दांडे मारी, थांबे, धापा टाकी, पुन्हा मारी. मधल्या वेळात जुने सांगे. शिफ्ट सुटली की कारखान्यातले सारे जण सायकलींची एक रांग करून घरी येत. पुढच्याने वारा खायचा, मागच्यांनी त्याच्या आडोशाने चालायचे. पुढचा थकला की कोपर हलवणार, मग मागचा पुढे येणार.

“अन् कोणाले मागं टाकून जायचं नाही, हा आमचा कायदा. मी कधी कोपर हलवलं नाही पण. मागच्यानं समजून पुढं यावं.”

चाके टणक झाली तेव्हा धर्मपालचे ओठ निळे पडले होते. माया, त्याची बायको, पोरावर खेकसली, “मरू देतो का बापाले? तुले हात नव्हते?” धर्मपाल खाटेवर पडून हसत होता.

दुसऱ्याच सकाळी समोरून वारा सुटला. चाके वारा कापतात हे खरे, पण कापणाऱ्यालाही दम लागतो. पोरांच्या रांगेत असताना लागलेल्या सवयीने यशदीपने एकटा असतानाही कोपर हलवले.

आणि त्याच्यापुढचा वारा नाहीसा झाला.

दुभाजकावरची झुडपे अजून आडवी होत होती. कानांच्या बाजूंनी वारा घोंघावत होता. फक्त त्याच्या पुढ्यात, एका माणसाएवढ्या जागेत, काही नव्हते. आणि तिथून आवाज येत होता: कर्र, कर्र. जुन्या सायकलची चेन पत्र्याच्या कव्हरला घासते तसा. यशदीपच्या सायकलला कव्हरच नव्हते. अंगावर काटा आला, पण पाय हलके झाले होते, आणि हलक्या पायांचा माणूस फार विचार करत नाही. नव्या चाकांची करामत, असे त्याने स्वतःला पटवले.

मग रोजच कोपर हलू लागले. अच्युत सरांनी घड्याळ कानाशी नेऊन बघितले, बंद तर पडले नाही ना म्हणून.

निवडीच्या आदल्या दिवशी माया त्याच्या ताटात पोळी टाकताना म्हणाली, “तू सायकल घेऊन गेला की तुह्या बाबाचे पाय हलतात रे. झोपेत. चादरीखाली सायकल चालवून राहिले वाटते. श्वास असा लागते की मी जीव मुठीत धरून बसतो. तू यायच्या आधी थांबते.”

“कबसे?”

“चाकं आणली तेव्हापासून.”

घास तोंडातच राहिला. कर्र कर्र करणारी बाबाची काळी सायकल त्याने लहानपणी रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ऐकली होती. आवाज आला की तो धावत सुटायचा.

जेवण टाकून तो चाकापाशी गेला. व्हॉल्व्ह चिमटीत धरला. ही बाबाची हवा सोडली, आपली आपण भरली, की संपले. पण उद्या निवड होती. उद्याचा दिवस जाऊ दे, परवा सोडू, असे मन म्हणाले, आणि मनाचे ऐकायला यशदीप एका पायावर तयार होता. रात्री बापाकडे न बघताच तो झोपायला गेला. चोराच्या मनात चांदणे.

निवडीची शर्यत एकेकट्याची. एकामागून एक पोरे सोडतात, कोणी कोणाच्या आडोशाला जायचे नाही. जाताना वारा पाठीशी होता. वळून परत निघाला आणि वाऱ्याने छातीवर हात ठेवून अडवावे तसे झाले. कोपर हलवायचे नाही, असे तो दात खाऊन घोकत राहिला. मांड्या जळायला लागल्या. लांबवर शेवटची कमान दिसली.

एकदाच, तो म्हणाला, आणि कोपर हलवले.

वारा गेला. कर्र, कर्र. सायकल सुटली. आता संघ हातात होता, अगदी हातात. तेवढ्यात त्या आवाजाखालून दुसरा आवाज आला, बारीक शिट्टीसारखा. रात्री भिंतीपलीकडून तो हाच श्वास ऐकत आला होता. शिट्टी तुटत होती, पुन्हा जुळत होती. पुढचा माणूस थकला होता, पण बाजूला होत नव्हता. तो कोपर हलवणार नव्हता. मेला असता तरी हलवणार नव्हता.

“बाबा, हटो!” यशदीप ओरडला, आणि उजवीकडून जोर काढून स्वतःच पुढे गेला.

वारा तोंडावर आदळला. कर्र कर्र आता मागे होते. पायांत अजून जीव होता. उठून मारले असते तर जमले असते. त्याने दोन पायडल जोरात मारले आणि मागचा आवाज लांब गेला. अजून लांब. यशदीपला रडू फुटले. त्याने पाय सैल सोडले आणि आवाज जवळ येईपर्यंत वाट पाहिली. मग त्याला मागे घेऊन, सावकाश, तो कमानीखालून गेला. अच्युत सरांनी घड्याळ खिशात टाकले आणि तोंड फिरवले.

तो आवाज बूढ़ापाऱ्यापर्यंत मागे आला, आणि दारात थांबला.

धर्मपाल खाटेवर उठून बसला होता. माया त्याला चहा पाजत होती.

“शेवटी हळू काहून झाला बे?” धर्मपाल म्हणाला. “पाय तर होते तुह्यात.”

“हे तर सकाळपासून झोपून होते,” माया म्हणाली. “ह्यांले काय मालूम?”

धर्मपालने पोराचे मनगट धरले. बापाचा हात बर्फासारखा गार होता. “मले वाटलं, आता टाकून जाते पोट्टा.”

यशदीपने मनगट सोडवले आणि अंगणात येऊन थेट व्हॉल्व्ह दाबला. आता एक क्षणही ठेवायची नव्हती ती हवा. सुस्कारा सोडावा तशी ती बोटांवर आली. गरम होती.

आत कप पडला. “अहो! अहो, श्वास घ्या ना!” माया किंचाळली.

त्याने व्हॉल्व्ह सोडला. हवा थांबली. आत बारीक शिट्टी पुन्हा सुरू झाली.

तेव्हापासून ती चाके धर्मपालच्या खाटेखाली आहेत. ट्यूब कितीही चांगली असो, हवा रोज थोडी थोडी जातेच. वरून कितीही भरली तरी ती पहिली नव्हे. रोज सकाळी डोळे उघडले की यशदीप खाटेखाली हात घालतो आणि अंगठ्याने टायर दाबून बघतो.